सरळ केसांकडून सैल लहरींकडे: अर्धवट स्ट्रेटनिंगचा सावकाश मार्ग

कायमचे सरळ करून घेतलेले केस कोणत्याही तेलाने, मास्कने किंवा महागड्या उपचाराने पुन्हा कुरळे होत नाहीत, ही गोष्ट स्ट्रेटनिंग करून घेणाऱ्या बहुतेकींना फार उशिरा कळते. जो केस एकदा सरळ झाला, तो कापला जाईपर्यंत सरळच राहतो. त्यामुळे पूर्ण सरळ केसांकडून थोड्या सैल, लहरी केसांकडे जायचे असेल, तर जुन्या केसांवर काहीही न करता फक्त मुळाशी उगवणारा नवा केस अर्धवट सैल करायचा, आणि जुनी सरळ टोके हळूहळू कापत जायची, एवढाच मार्ग उरतो. ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात मात्र दोन ते तीन वर्षे एकाच डोक्यावर दोन प्रकारचे केस सांभाळावे लागतात, आणि ते दोन्ही जिथे मिळतात त्या जोडावर सगळे यश-अपयश अवलंबून असते.

माझे केस मूळचे घट्ट कुरळे आणि दाट आहेत. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून मी ते पूर्ण सरळ करून घेत होते आणि मुळाशी दोन बोटे कुरळेपणा दिसू लागला की पुन्हा पार्लर गाठत होते. पूर्ण नैसर्गिक केस ठेवण्याचा विचार मी केला होता, पण सकाळी सातला घर सोडणाऱ्या बाईला इतक्या घट्ट कुरळ्या केसांचा गुंता रोज सोडवणे जमत नाही, हेही मला ठाऊक होते. म्हणून मी मधला मार्ग निवडला. ज्यांना आपले मूळचे केस जसे आहेत तसेच आवडतात आणि त्यांची निगा राखायला वेळ आहे, त्यांनी रसायनाच्या वाटेला पुन्हा जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढचे सगळे त्यांच्यासाठी आहे ज्यांना कुरळेपणा हवा आहे, पण थोडा सैल.

ही पद्धत मुळात आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांनी रुजवली. त्यांच्याकडे केस सरळ करण्यासाठी ‘रिलॅक्सर’ वापरतात, आणि तो मुद्दाम कमी वेळ ठेवून किंवा त्याची तीव्रता कमी करून केसांचा पोत थोडा राखण्याला ‘टेक्सलॅक्सिंग’ म्हणतात. आपल्याकडच्या पार्लरमध्ये हा शब्द फारसा कोणी वापरत नाही. तिथे ‘केस पूर्ण सरळ नकोत, फक्त कुरळेपणा सैल करायचा आहे’ असे मराठीतच सांगावे, म्हणजे समोरच्या ताईंना नेमके समजते.

आधी आपल्या केसांवर काय झाले आहे ते ओळखा

स्ट्रेटनिंग, स्मूदनिंग, रिबॉन्डिंग, केराटिन, बोटॉक्स ही नावे प्रत्येक पार्लरमध्ये वेगवेगळ्या अर्थाने वापरली जातात, त्यामुळे नावावरून काहीही ठरवू नये. वापरलेल्या ट्यूबचे किंवा डब्याचे नाव पार्लरमध्ये विचारून घ्यावे आणि त्यावरची घटकांची यादी वाचावी. अमोनियम थायोग्लायकोलेट किंवा सिस्टियामाइन दिसले, तर केसांमधील गंधकाचे बंध उघडून ते नव्या आकारात पुन्हा जोडले गेले आहेत. सोडियम हायड्रॉक्साइड, लिथियम हायड्रॉक्साइड, किंवा कॅल्शियम हायड्रॉक्साइडबरोबर ग्वानिडीन कार्बोनेट दिसले, तर तो खरा रिलॅक्सर आहे. त्यात बंधातला गंधकाचा एक अणू निघून जातो आणि तो बंध पूर्ववत होण्याची शक्यताच उरत नाही. केराटिन म्हणून विकले जाणारे उपचार मात्र बहुधा केसांवर थर चढवून इस्त्रीच्या उष्णतेने तो बसवण्याचे असतात, आणि ते काही महिन्यांत धुण्याबरोबर उतरतात.

यादी मिळाली नाही तर घरच्या घरी एक परीक्षा करता येते. शेवटच्या उपचाराला पाच-सहा महिने झाल्यावर केस पूर्ण भिजवावेत, कंडिशनर न लावता नुसते पाण्यात राहू द्यावेत आणि आरशात पाहावे. लांबीभर लहर परत येऊ लागली असेल तर तो थर होता, आणि तुमचे अर्धे काम आधीच झालेले आहे. मुळाशी वळण आणि खाली सुतासारखे सरळ केस अशी स्पष्ट सीमारेषा दिसली, तर बंध बदलले आहेत आणि हा लेख तुमच्यासाठीच आहे.

हे ओळखणे एवढे महत्त्वाचे का, तर थायोग्लायकोलेट आणि हायड्रॉक्साइड या दोन रसायनांचे एकमेकांशी अजिबात जमत नाही. एकाने सरळ केलेल्या केसावर दुसरे लागले, तर केस ओल्या कागदासारखा तुटतो. आपण पुढे अर्धवट उपचारासाठी जे रसायन वापरणार, ते आधीच्याच कुळातले असले पाहिजे, आणि आमच्या नाशिकच्या पार्लरमधील बहुतेक क्रीम थायो, म्हणजे थायोग्लायकोलेटच्या, कुळातलीच असतात. तसेच मेंदी लावत असाल तर तिच्या पाकिटाकडे नीट पाहावे. शुद्ध मेंदीच्या पानांची पूड वेगळी आणि ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणारी, रंग किंवा धातूंचे क्षार मिसळलेली पूड वेगळी. धातूचे क्षार केसांत असताना थायो किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड लावले, तर केस तापतात आणि जळाल्यासारखे तुटतात. अशी मेंदी लावलेला भाग कापला जाईपर्यंत कोणतेही रसायन नको.

चार बोटे वाढ होईपर्यंत

केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. पहिला अर्धवट उपचार करण्याआधी मुळाशी किमान चार बोटे, म्हणजे ७ सेंटिमीटरच्या आसपास नवा केस असला पाहिजे, आणि त्यासाठी सहा महिने थांबावे लागते. दोन बोटे वाढीवर उपचार केला तर क्रीम जुन्या केसांवर जाणारच. ब्रश कितीही बारीक असला तरी जाते. शिवाय दोन बोटे केसात आपले खरे वळण किती घट्ट आहे तेही कळत नाही. लहानपणीचे केस आठवून अंदाज करू नये, कारण वयानुसार आणि बाळंतपणानंतर पोत बदललेला असतो. माझ्या अनुभवाने नव्या केसांचा खरा स्वभाव पावसाळ्यात कळतो. जुलैच्या दमट हवेत मुळाचे केस फुगतात, टोके मात्र पडून राहतात, आणि कुठे घट्ट वळण आहे, कुठे नुसती लहर आहे, हे डोक्याच्या प्रत्येक भागात वेगवेगळे दिसते. माझ्या मानेजवळचे केस जवळजवळ सरळ निघाले आणि टाळूवरचे सर्वांत घट्ट. ही माहिती पुढे पार्लरमध्ये फार उपयोगी पडते.

या महिन्यांत खरी जपणूक जोडाची. नवा केस जाड आणि वळणाचा, जुना केस रसायनाने सच्छिद्र आणि अशक्त; फणी ओढली की ताण नेमका त्यांच्या सांध्यावर येतो. मी पहिल्या तीन महिन्यांत हे समजून घेतले नव्हते. एका रविवारी गॅलरीत बसून नेहमीच्या बारीक फणीने वरून खाली केस विंचरत होते आणि दर वेळी एक हलका ‘कट्’ असा आवाज येत होता. फणीत अडकलेले केस हातात घेऊन पाहिले तर त्यांना मुळाची पांढरी गाठ नव्हती. म्हणजे ते गळत नव्हते, मधूनच तुटत होते. गळलेल्या केसाच्या एका टोकाला बारीक पांढरा ठिपका असतो, तुटलेल्याला तो नसतो. हा फरक प्रत्येकीने आठवड्यातून एकदा तपासून पाहावा.

त्यानंतर मी रीत बदलली. गुंता कोरड्या केसांचा कधीही सोडवायचा नाही. केस धुताना भरपूर कंडिशनर लावून, केसांचे चार भाग करून, आधी बोटांनी आणि मग मोठ्या दातांच्या फणीने टोकाकडून सुरुवात करून वर वर जायचे. जोडाच्या ठिकाणी पोहोचले की एका हाताने जोडच घट्ट धरायचा, म्हणजे ओढ मुळापर्यंत आणि सांध्यापर्यंत जात नाही. एका भागाला पाच-सात मिनिटे लागतात, लागू द्यावीत.

धुणे आठवड्यातून दोनदा पुरेसे आहे. त्याच्या आदल्या रात्री खोबरेल तेल लावण्याची आपल्याकडची जुनी सवय इथे खरोखर कामाची आहे, कारण खोबरेल तेल केसाच्या आत थोडे शिरते आणि धुताना केसातले प्रथिन कमी जाते. तेल टाळूवर जोरजोरात चोळण्यापेक्षा लांबीवर आणि विशेषतः जोडावर लावावे. शिकेकाईची पूड मात्र या काळात बाजूला ठेवावी. तिचे कण दोन पोतांच्या सांध्यात अडकतात आणि ते काढताना केस तुटतात. शिकेकाई हवीच असेल तर उकळून, फडक्यातून गाळून घेतलेले पाणी चालते.

पाण्याबद्दलही थोडे सांगणे आवश्यक आहे. गंगापूर धरणातून येणारे महापालिकेचे पाणी केसांना सहसा त्रास देत नाही, पण शहराच्या कडेच्या ज्या नव्या इमारतींत उन्हाळ्यात बोअरचे किंवा टँकरचे पाणी येते, तिथे केस धुतल्यावर चरचरीत लागतात. कठीण पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सच्छिद्र केसांवर बसते आणि केस राठ होतात. बादलीच्या नळाला पांढरे पापुद्रे धरत असतील, तर शेवटी एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर घालून ते केसांवरून ओतावे, आणि महिन्यातून एकदा क्षार काढणारा, ईडीटीए असलेला शॅम्पू वापरावा. शक्य असेल तर पार्लरच्या आदल्या धुण्याला पिण्याचे पाणी वापरावे, ही उधळपट्टी नाही.

दोन पोत एकसारखे दिसावेत यासाठी रोज इस्त्री फिरवणे हा सर्वांत मोठा मोह असतो आणि तो टाळलाच पाहिजे. उष्णतेने नवा केसही बिघडला, तर सहा महिने थांबण्याला अर्थ राहत नाही. उलट दिशेने जावे: मुळे सरळ करण्याऐवजी टोकांना वळण द्यावे. रात्री केस किंचित ओलसर असताना चार सैल वेण्या घालाव्यात आणि प्रत्येक वेणीचे शेवटचे बोटभर टोक सुती कापडाच्या पट्टीवर गुंडाळून गाठ मारावी. सकाळी सोडल्यावर मुळाची लहर आणि टोकाची लहर जवळजवळ जुळते.

वेणी घालण्यापूर्वी जवसाची जेल लावली तर ही लहर दिवसभर टिकते. दोन मोठे चमचे जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर ठेवून सतत हलवत राहावे. सात-आठ मिनिटांनी पाणी जड होते आणि चमचा वर उचलला की अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार लोंबते. त्याच क्षणी आच बंद करून गरम असतानाच पातळ ओढणीतून पिळून घ्यावे. गार होऊ दिले तर दाणे आणि जेल वेगळे होतच नाहीत. बंद बाटलीत, फ्रीजमध्ये ती आठवडाभर टिकते, त्याहून अधिक ठेवू नये.

उशीला रेशमी किंवा सॅटिनचा अभ्रा घालावा. विकतचाच हवा असे नाही. येवला आपल्याच जिल्ह्यात आहे आणि जुनी विरलेली रेशमी साडी नाशिकच्या अनेक घरांत कपाटाच्या तळाशी पडून असते. आईने तिच्या एका साडीचा न विरलेला भाग कापून मला दोन अभ्रे शिवून दिले. दुचाकीवर सुती स्कार्फ घट्ट गुंडाळून वर हेल्मेट घालण्याची सवय असेल, तर त्या स्कार्फच्या आत याच कापडाचा एक चौकोन घालावा, कारण सुती कापड कपाळाच्या कडेचे नाजूक केस घासून काढते. हिवाळ्यात नाशिकची हवा थंड आणि कोरडी होते, तेव्हा केस धुतल्यावर कंडिशनर पूर्ण न धुता थोडा राहू द्यावा.

लग्नसराईत घरचे आणि बाहेरचे, सगळेच ‘एकदा सरळ करून घे, फोटो चांगले येतील’ म्हणतात. ‘ताई, तुझ्या केसांना काय झालंय?’ असे माझ्या वहिनीच्या बहिणीने भर मांडवात विचारले होते. अशा प्रसंगी खाली सैल अंबाडा घालून त्यावर गजरा माळावा. जोड पूर्ण झाकला जातो आणि मुळाच्या लहरीमुळे अंबाड्याला वर छान भरीवपणा येतो, जो सरळ केसांना कधीच येत नव्हता.

पार्लरमधला दिवस

कोणत्या ताईंकडे जायचे, हे ठरवण्यासाठी मी तीन ठिकाणी जाऊन फक्त बोलून आले, आणि तसेच करावे असे सुचवते. पहिला प्रश्न असा विचारावा: ‘क्रीम फक्त नव्या केसांना लावाल ना?’ उत्तर ‘हो, पण खाली थोडा हात फिरवू म्हणजे शाइन येईल’ असे आले, तर नमस्कार करून परतावे. याच ‘थोडा हात फिरवू’ने पूर्वी एकदा माझे नुकसान झाले आहे. एका पार्लरमध्ये शेवटची पाच मिनिटे क्रीम जुन्या लांबीवर ओढले गेले, आणि पुढच्या महिन्याभरात उजव्या बाजूचे केस खांद्यापासून वीतभर वर तुटून आले. दुसरी बाजू तिच्याशी जुळवून कापावी लागली आणि दोन वर्षांची वाढ गेली.

तिसऱ्या ठिकाणच्या ताईंनी प्रामाणिकपणे सांगितले, ‘ताई, अर्धवट सरळ केलं आणि तुम्हाला आवडलं नाही, तर नाव आमचंच खराब होतं, म्हणून आम्ही पूर्णच करतो.’ त्यांची अडचण खरी होती. मी त्यांना आधी एका बटेवर प्रयोग करू या असे म्हटले आणि त्या तयार झाल्या. एका बटेची ही परीक्षा वगळून कोणीही पूर्ण डोक्यावर उपचार करून घेऊ नये. त्यासोबत कानामागे थेंबभर क्रीम लावून ४८ तास वाट पाहावी. टाळूवर जखम, खाज किंवा पुरळ असेल, गर्भारपण असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर उपचार पुढे ढकलावा.

बटेची परीक्षा अशी झाली. टाळूच्या घट्ट वळणाच्या भागातून पेन्सिलीएवढी बट वेगळी काढली, बाकीचे केस चिमट्याने बाजूला केले. जोडाच्या खालच्या सगळ्या जुन्या केसाला कंडिशनरचा जाड थर दिला, म्हणजे क्रीम ओघळले तरी आत जाणार नाही. सौम्य, म्हणजे रंगवलेल्या किंवा नाजूक केसांसाठी असलेले क्रीम मुळापासून अर्धा सेंटिमीटर सोडून जोडापर्यंतच लावले. पूर्ण सरळ करताना फणीने केस ताणून चपटे करत राहतात. इथे ते करायचे नाही, क्रीम लावून केस मोकळे सोडायचे. डब्यावर २० मिनिटे लिहिले होते. आठव्या मिनिटाला ताईंनी बोटाच्या टोकाने बटेचा एक भाग पुसला आणि केस खाली सोडला, तर तो लगेच स्प्रिंगसारखा वर गेला. अकराव्या मिनिटाला पुन्हा पुसला, तेव्हा तो सावकाश वर आला आणि मोठ्या, सैल वळणावर थांबला. ‘हेच हवं आहे,’ मी म्हटले, आणि लगेच धुवून टाकले. चौदाव्या मिनिटापर्यंत थांबलो असतो तर वळण राहिलेच नसते, असे नंतर दुसऱ्या बटेवर दिसले. दोन-तीन मिनिटांत एवढा फरक पडतो, म्हणून घड्याळ आरशासमोर ठेवावे आणि त्या वेळात ताईंनी दुसरे गिऱ्हाईक घेऊ नये.

धुतल्यावर ओल्या केसाचा एक तंतू दोन बोटांत धरून हळू ताणावा. निरोगी ओला केस थोडा लांबतो आणि सोडल्यावर परत येतो. तो चिकट च्युइंगमसारखा ताणत जाऊन परत आला नाही, तर रसायन जास्त झाले आहे आणि पूर्ण डोक्यावर तो वेळ वापरता येणार नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. क्रीमचा वेळ कमी करायचा असतो, न्यूट्रलायझरचा नाही. थायोने उघडलेले बंध हायड्रोजन पेरॉक्साइडचे न्यूट्रलायझर नव्या जागी पक्के करते. ‘अर्धवट उपचार आहे तर हेही अर्धाच वेळ ठेवू’ असा विचार झाला, तर बंध उघडेच राहतात आणि केस पुढच्या काही आठवड्यांत झिजत जातात. क्रीम कोमट पाण्याने पाच-सात मिनिटे, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावे, टॉवेलने टिपावे, आणि न्यूट्रलायझर डब्यावर लिहिला आहे तेवढा पूर्ण वेळ ठेवावे. पूर्ण स्ट्रेटनिंगमध्ये या दोन टप्प्यांच्या मध्ये केस वाळवून गरम इस्त्रीने दाबतात. सैल लहर हवी असेल तर ती इस्त्री पूर्णपणे वगळायची. हवे तर ओल्या केसांना बोटांनी वळण देऊन न्यूट्रलायझर लावावे, म्हणजे लहर एकसारखी बसते.

हायड्रॉक्साइडचा रिलॅक्सर आधी झालेला असेल आणि तोच पुन्हा वापरायचा असेल, तर तत्त्व तेच, पण काळजी अधिक. त्याचा सामू, म्हणजे पीएच, १२ ते १४ असतो, थायोचा साधारण ९ ते साडेनऊ. टाळूला, कानांना आणि कपाळाच्या कडेला पेट्रोलियम जेलीचा थर द्यावा, आदल्या तीन-चार दिवसांत टाळू खाजवू नये, आणि नव्या केसालाही आधी हलके तेल लावावे म्हणजे रसायन सावकाश काम करते. हे घरी स्वतःच्या हाताने करू नये. डोक्याच्या मागच्या भागाला शेवटी पोहोचेपर्यंत पुढच्या भागाचा वेळ संपून गेलेला असतो.

क्रीम कोणत्या क्रमाने लावायचे, हेही ठरवून घ्यावे. सर्वांत घट्ट वळणाचा भाग आधी, कपाळाच्या कडा आणि मानेजवळचे केस सर्वांत शेवटी. माझ्या मानेजवळच्या केसांना ताईंनी क्रीम लावलेच नाही, आणि आज तोच भाग सर्वांत निरोगी आहे.

केस सैल करण्यासाठी फॉर्मॅल्डिहाइड किंवा ग्लायऑक्सिलिक अ‍ॅसिड असलेला उपचार कोणी सुचवला, तर मी तो घेणार नाही. फॉर्मॅल्डिहाइडला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये माणसासाठी कर्करोगकारक ठरवले आहे, आणि इस्त्रीखाली त्याचा धूर श्वासात जातो. ग्लायऑक्सिलिक अ‍ॅसिडच्या उपचारानंतर मूत्रपिंडाला अचानक इजा झाल्याची प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली आहेत. डोळे चुरचुरत असतील आणि ताईंनी स्वतः मास्क लावला असेल, तर उठून यावे. थायो किंवा रिलॅक्सर निर्धोक आहेत असेही मी म्हणत नाही. अमेरिकेत २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, वर्षात चारपेक्षा जास्त वेळा केस सरळ करणारी उत्पादने वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक आढळले. म्हणून अर्धवट उपचाराचा अर्थ रसायन कमी वेळ असा आहेच, पण त्याहून अधिक तो कमी वेळा असा आहे.

कापणे

दर दोन-अडीच महिन्यांनी दोन सेंटिमीटर टोके कापावीत. वाढ साधारण तेवढीच असल्याने लांबी तशीच राहते आणि सरळ भाग मात्र आखडत जातो. खांद्यापर्यंतचे केस असतील तर अडीच-तीन वर्षांत जोड टोकापर्यंत पोहोचतो. कमरेपर्यंतचे असतील तर लांबी कमी केल्याशिवाय हे निभत नाही, आणि तेवढ्या जुन्या टोकांना फाटे फुटलेलेच असतात. आईला लांब वेणीचे फार होते, म्हणून मी पहिल्या दिवशी फक्त चार बोटे कापली आणि बाकीचे दर वेळी थोडे थोडे. केस कापताना कोरडे आणि आपल्या नेहमीच्या वळणात असावेत. ओले ओढून कापले तर वाळल्यावर वळणाचा भाग वर चढतो आणि सरळ टोके झाडूच्या काड्यांसारखी खाली लोंबतात.

पुढची वेळ

दुसरा उपचार पुन्हा सहा महिन्यांनी, आणि त्या वेळी तीन प्रकारचे केस असतात: मुळाचा नवा, मधला सैल झालेला, खालचा पूर्ण सरळ. मधल्या भागाला पुन्हा क्रीम लागले तर तोही सरळ होतो आणि सगळी मेहनत वाया जाते, म्हणून आता कंडिशनरचा थर मधल्या भागापासूनच सुरू करावा. मी एका वहीत क्रीमचे नाव, तीव्रता, प्रत्येक भागाचा वेळ, त्या दिवशीची हवा आणि दोन आठवड्यांनी दिसलेले वळण लिहून ठेवले आहे, आणि दर वेळी ती वही ताईंसमोर उघडून ठेवते. थंडीत बसलेले अकरा मिनिटे पुढच्या वेळी उकाड्यात नऊवर आणावे लागले, कारण उष्ण हवेत रसायन लवकर काम करते. सहा महिन्यांनंतर नवा केस आणि सैल केस यांतला फरक डोळ्यांना खुपत नसेल, तर ती वेळ सोडून द्यावी. मी तिसरी वेळ सोडली आहे. मुळाशी आता सहा बोटे वाढ आहे, आणि वेणी घातली की ती दिसत नाही.